बॉनेटवरची खरखर

"अहो, इथं अजून खरखरीत लागतंय," विनया म्हणाली, आणि हरेश्वरचा हात बॉनेटवर होता तिथंच थांबला. झालं ते एवढंच. रविवारची सकाळ, वसईतल्या सोसायटीच्या आवारात उभी असलेली गडद निळी गाडी, बादलीत साबणाचं पाणी, आणि बायकोनं नवऱ्याच्या कामात काढलेली एक खोट. यात घाबरण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारील, आणि विचारणाऱ्याचं काही चुकणार नाही. बायका खोट काढायच्याच. पण हरेश्वर घाबरला. कारण तिनं दाखवलेल्या त्याच जागेवरून त्याची बोटं नुकतीच फिरून आली होती, आणि त्या बोटांनी त्याला सांगितलं होतं की इथलं काम झालंय, पत्रा अगदी गुळगुळीत आहे. विनयानं बोटांवर दुधाची धुतलेली पिशवी चढवली होती. पातळ पिशवीतून हात फिरवला की एरवी न जाणवणारा कणही बोटाला टोचतो, ही युक्ती तिच्या भावानं, संकेतनं, दुबईहून फोनवर सांगितली होती. गाडीच्या रंगात रुतलेले कण ओढून काढणारी क्ले बारची वडीही त्यानंच पाठवलेली. "मेव्हण्यांना म्हणावं, आधी ही वापरून बघा, मग माझं नाव काढा," असा निरोपही सोबत होता.

गाडी रोज वालीवला कारखान्याच्या भिंतीलगत उभी असायची. हरेश्वर तिथं स्टोअर सांभाळायचा. भिंतीपलीकडं ग्राइंडिंगचं वर्कशॉप, आणि तिथून उडणारी लोखंडाची भुकटी गाडीवर बसून बसून रंगात पार रुतली होती. डोळ्यांना काही दिसायचं नाही, गडद रंगात सगळं खपून जातं, पण हात फिरवला की रवाळ लागायचं. धुऊन काही ते जात नाही. त्यावर इलाज ही साबणाच्या तुकड्याएवढी वडी. गाडी आधी स्वच्छ धुवायची, साबणाचं पाणी फवारायचं, वडी तळहातात मळून चपटी करायची आणि जोर न लावता ओल्या पत्र्यावर पुढंमागं सरकवायची. सुरुवातीला ती अडखळते, खर्रखर्र करते. मग कण तिला चिकटत जातात, आवाज विरत जातो आणि वडी नुसती घसरायला लागते. मळली की दुमडून आतली स्वच्छ बाजू बाहेर काढायची. हरेश्वर डावखुरा. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं यांत वडी धरायची, आणि अनामिका नि करंगळी मागून ओढत न्यायची. वडी पुढं साफ करत जाणार, मागची दोन बोटं तपासत जाणार. ही पद्धत त्याची स्वतःची, आणि त्याला तिचं भारी कौतुक होतं. सकाळभर ती दोन बोटं 'झालं, झालं' म्हणत होती आणि तो पुढं सरकत होता.

"कुठं?" त्यानं विचारलं. "हे काय, इथं. बघा ना." त्यानं डावी करंगळी फिरवली. काही नाही. अनामिका फिरवली. काही नाही. मग त्यानं, का कोण जाणे, विनयाकडं पाठ करून उजव्या हाताची करंगळी त्याच जागी ठेवली, आणि ती वाळूत ठेवल्यासारखी खरखरली. पुन्हा डावी. पत्रा गायब. थंडपणा नाही, ओल नाही, काहीच नाही. बोट पत्र्यावर आहे हे फक्त दिसत होतं. "हो गं, राहिलं असेल," तो म्हणाला. आपला आवाज इतका साधा कसा निघाला याचंच त्याला नवल वाटलं. "ऊन चढायच्या आत आवरा. मी चहा टाकते," असं म्हणून विनया जिना चढून गेली, आणि हरेश्वर त्या निळ्या पत्र्यात दिसणाऱ्या स्वतःच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. ते तोंड क्षणभर त्याला काळूकाकाचं वाटलं.

काळूकाका म्हणजे त्याच्या बापाचा थोरला भाऊ, काळूराम. कामणच्या अलीकडं खाडीकाठी त्यांचं गाव, भातशेती, आणि खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या टोकाला एक खोपटं. काका त्या खोपटात राहायचा. का राहायचा, हे घरात कुणी कधी सांगितलं नाही आणि कुणी कधी विचारलं नाही. त्याची बोटं आत वळलेली होती, आखडून बसल्यासारखी. लहानपणी एकदा दुपारी हरेश्वर तिकडं खेकडे बघायला म्हणून गेला होता. काका चुलीपुढं बसला होता, विडी ओठांत. त्यानं चुलीतला फुललेला निखारा उचलला, दोन बोटांत धरला, सावकाश विडीला लावला आणि मग हरेश्वरशी बोलत बसला. 'भरतीला चिंबोरी वर येतात, ओहोटीला बिळात बसतात,' असं काहीतरी. निखारा बोटांतच होता. आधी हरेश्वरला वास आला. मग त्याला कळलं की हा वास कशाचा. काका हसत होता, चिंबोऱ्यांबद्दल बोलत होता, आणि त्याचा हात करपत होता. शेवटी काकानंच खाली पाहिलं, निखारा टाकला आणि अगदी ओशाळून म्हणाला, "घरी सांगू नको." त्यानंतर त्यानं त्याच हातानं भाजलेली चिंबोरी फोडून दिली आणि हरेश्वरनं ती खाल्ली. नको म्हणण्याची त्याची छाती झाली नाही. ती चिंबोरी गोड लागली होती, आणि आता इतक्या वर्षांनी, वसईतल्या सोसायटीच्या आवारात, तिची गोडी त्याच्या जिभेवर आली.

लग्न ठरलं तेव्हा विनयाच्या वडिलांनी विचारलं होतं. विनया दादरच्या नोकरदार घरातली, मूळचे साताऱ्याकडचे लोक, सरळ विचारणारे. "तुम्ही भाऊ किती?" हरेश्वरच्या बापानं चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "एक भाऊ होता, लहानपनीच गेला." काळूकाका त्या वेळी बांधावर जिवंत बसलेला होता. हरेश्वर शेजारीच बसला होता, नव्या शर्टात, मांडीवर हात ठेवून. त्यानं एक शब्द काढला नाही. काका त्यानंतर काही वर्षांनी गेला, आणि हरेश्वरला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं होतं. आता खोटं खरं झालं होतं. आता विचारलं तरी चालणार होतं.

त्या रविवारनंतर त्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. डाव्या कोपराखाली एक फिकट चट्टा होता. ते शिबं आहे असं धरून चालून तो त्याला मलम लावत होता. आता आंघोळीच्या वेळी त्यानं कडी लावून त्या चट्ट्यात सुई टोचली. कडेला दुखलं. मध्ये दुखलं नाही. तो टोचत राहिला, जवळजवळ विनवणी केल्यासारखा, आणि रक्ताचा बारीक थेंब आला तरी दुखलं नाही. बाहेरून विनया म्हणाली, "पाणी जपून हं, टँकर संध्याकाळी येणारे." तो हो म्हणाला. होळीला, वसईतल्या बाजारात, भाजी घ्यायला गेला की दवाखान्याच्या भिंतीवर एक बोर्ड दिसायचा. न खाजणारा, न दुखणारा चट्टा, असं काहीतरी आणि खाली मोठ्या अक्षरांत, कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, औषध मोफत. वर्षानुवर्षं त्याखाली उभं राहून त्यानं वांगी निवडली होती, मेथीच्या जुड्या हुंगल्या होत्या. आता त्या रस्त्यानं जाताना तो मान खाली घालायचा. बोर्ड आपल्याला बघतोय असं वाटायचं. दवाखान्यात शिरताना कुणी पाहिलं तर? आत बसलेली बाई आपल्याच सोसायटीतली निघाली तर? बरा होतो, हे तो वाचत होता. पण त्याला खात्री कशी पटावी? त्यानं बरा झालेला माणूस कधी पाहिलाच नव्हता. त्यानं पाहिला होता तो फक्त काका.

घरात त्यानं हळूहळू स्वतःला कडेला सारायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं ताट तोच घासून वेगळं ठेवायला लागला. टॉवेल वेगळा. पाठ दुखते म्हणून अंथरूण हॉलमध्ये. ऋतिका पहिलीत होती. शाळेच्या बसपर्यंत जाताना ती सवयीनं त्याच्या डाव्या बाजूला यायची आणि करंगळी मुठीत धरायची. तो झटकन बाजू बदलून उजवा हात पुढं करायचा. "हा नको, तो," ती म्हणायची. "तो दुखतो गं." "बघू कुठं?" आणि मग ती जिथं हात लावेल तिथं आपल्याला काहीच कळणार नाही, या भीतीनं तो हात खिशात घालायचा. पोरीला झालं असेल का? तिच्या गोऱ्या पाठीवर तो चोरून नजर फिरवायचा. ती फ्रॉक बदलत असली की त्याचे डोळे डाग शोधत तिच्या अंगावर फिरायचे, आणि आपण पोटच्या पोरीकडं कुठल्या नजरेनं बघतोय, या विचारानं त्याला स्वतःची शिसारी यायची. "ऑफिसात काही झालंय का?" विनयानं एकदा विचारलं. "नाही." "माझं काही चुकलं का?" "नाही गं बाई, तुझं काय चुकणार." पण ती त्याचं ताट न्याहाळत होती, हे त्याच्या लक्षात आलं. आणि तिला काय वाटत असेल याचा विचार करण्याइतकी जागा त्याच्या भीतीत उरली नव्हती.

एका शनिवारी तो गावी गेला. आई, जिजा, ओट्यावर बसून तांदूळ पाखडत होती. तिनं गाडीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, खिशातल्या हाताकडं पाहिलं. "आये, काळूकाका कशानं गेला?" सूप थांबलं. "आज कसा काय काका आठवला?" "असंच." "म्हातारपनानं गेला. आनि कशानं जानार?" "आणि तो रोग?" जिजानं सूप खाली ठेवलं. "रोग कुठला? तो कवाच बरा झालता. डाक्टर सोता आलता घरी. बोलला, गोल्या पुऱ्या झाल्या, आता याला घरात आना, पोरांत बसवा, काय होनार नाय." हरेश्वरला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "कधी?" "तू शालेत होता तवा. पाचवी का सहावीत." "मग?" "मग काय. आनला नाय." ती हे भाताच्या पिकाबद्दल बोलावं तसं बोलत होती. "कोनी आनायचा? तुजा बाप बोलायचा, आज आनू, उद्या आनू. मग तुज्या आतीचा लगीन निघाला. मग तुजा शिक्षन. तो बांधावर बसून वाट बघायचा. पांढरा सदरा घालून बसायचा, धुतलेला. मग बघायचा सोडला." तिनं सूप पुन्हा उचललं. मग जिजा म्हणाली, "हात का खिशात?" "थंडी वाजते." उन्हाळ्याचे दिवस होते. ती उठून चहा ठेवायला आत गेली आणि हरेश्वर तिची वाट न बघता गाडीत बसला.

परतताना तो गाडी सावकाश चालवत होता. इतके दिवस तो ज्याला घाबरत होता ते म्हणजे वळलेली बोटं, करपलेलं मांस, झडलेलं नाक. त्या सगळ्याला गोळ्या होत्या. भिंतीवर लिहिलं होतं ते खरं होतं आणि काका बरा झाला होता. बरा झालेला माणूस धुतलेला सदरा घालून बांधावर बसला होता, आणि घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं, आणि घरात सगळी प्रेमाची माणसं होती. त्याची आई काही वाईट बाई नव्हती. बाप तर कुणाला दुखवायचा नाही. आज आनू, उद्या आनू. विनयाही चांगली होती. हीच तर भीती होती. चांगली माणसंही काय करू शकतात, हे त्याला आता माहीत झालं होतं, आणि या भीतीवर कुठल्या दवाखान्यात गोळी मिळणार होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा गाडी घेऊन बसला. आताशा दर रविवारी तो हेच करायचा. विनयाला वाटायचं याला गाडीचं वेड लागलंय. खरं तर तो गाडी साफ करतच नव्हता, बोटं तपासत होता. गेल्या खेपेपेक्षा काही कळतंय का? कडेला? टोकाला? त्या दिवशी त्यानं मुद्दाम वडी मागच्या दोन बोटांखाली धरली. कळू दे, काहीतरी कळू दे, असं मनात म्हणत तो ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर ती दाबून फिरवू लागला. वडी निसटली, फरशीवर पडली. संकेतनं बजावलेलं होतं, की पडलेली वडी फेकून द्यायची, मायेनं ठेवायची नाही, कारण तिला माती चिकटते आणि मग तीच रंग ओरबाडते. हे हरेश्वरला पाठ होतं. पण त्यानं वडी उचलली, पाण्यात बुचकळली आणि पुन्हा त्याच बोटांखाली धरून फिरवू लागला. खाली काय घासतंय हे सांगायला ती बोटं जागेवर होतीच कुठं? कानांनी ऐकलं असतं तर आवाज आला असता. पण त्याच्या कानांत आईचं सूप वाजत होतं.

"बाबा, पाणी लाल झालंय," ऋतिका म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती त्याला कळलं नव्हतं. त्यानं खाली पाहिलं. दारावरून ओघळणारा पांढरा फेस गुलाबी झाला होता. फरशीवरून लोखंडाची एक कपची वडीत रुतली होती आणि तिनं करंगळी आडवी चिरली होती. खोल. तो बघत राहिला, दुसऱ्या कुणाच्या हाताकडं बघावं तसा. विनया बाल्कनीतून हे पाहून धावतच खाली आली. आधी तिनं दार पाहिलं. निळ्या रंगावर पांढरे ओरखडे, गोल गोल, एकावर एक, सगळं दार खरवडून निघालेलं. मग तिनं हात पाहिला. "तुम्हाला कळलं नाही?" त्यानं हात मागं घेतला. "अहो, दुखत नाहीये?" तिनं ऋतिकाला वर पाठवलं, "कापूस आण जा, आणि आजीला फोन लाव, नको, कापूसच आण." मग ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, आणि हरेश्वरनं तिला सांगितलं. चट्टा, सुई, काळूकाका, निखारा, चिंबोरी, तिच्या वडिलांना सांगितलेलं खोटं, धुतलेला सदरा. तो हळू आवाजात बोलत होता आणि एकदाही तिच्याकडं बघत नव्हता. तळमजल्याच्या खिडकीतून उर्सुला आंटीनं विचारलं, "काय झालं गं विनया?" आणि विनया मान न वळवता म्हणाली, "काही नाही आंटी, पत्रा लागला." किती सहज म्हणाली. हे त्याला सांभाळून घेणं होतं, की झाकायची सुरुवात होती? बापानंसुद्धा चहाचा घोट घेता घेता असंच म्हटलं होतं.

"ऋतिकाला दाखवायला लागेल," विनया म्हणाली. "हो." "आणि मला." "हो." "माझ्या बाबांना खोटं सांगितलंत तुम्ही." "हो." "मलाही. ताट वेगळं ठेवत होतात, मला वाटलं..." तिला काय वाटलं होतं ते तिनं सांगितलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता, आणि त्याखाली भीती होती, ती त्यानं बरोबर ओळखली, कारण इतके दिवस तो त्या भीतीच्याच सोबत राहत होता. "उद्या जाऊ," ती म्हणाली. "होळीला. मी वाचलाय तो बोर्ड. बरा होतो लिहिलंय." "बरा होतो गं," हरेश्वर म्हणाला, "काकाही झाला होता." आणि मग जे त्याला विचारायचं नव्हतं ते त्यानं विचारलं. "मी बरा झालो, तर घरात घेशील?"

वेड्यासारखं काय विचारता, असं विनया म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं, पण ती तसं म्हणाली नाही. ती खरोखर विचार करत होती. दाराच्या ओरखड्यांकडं बघत होती. मग तिनं हात पुढं केला आणि त्याची ती दोन बोटं, रक्तासकट, साबणासकट, आपल्या मुठीत घेतली. मूठ घट्ट आहे की सैल, त्याला कळत नव्हतं. ऊब होती की नव्हती, हात थरथरत होता की नव्हता, काही कळत नव्हतं. तिनं धरलंय हे फक्त दिसत होतं. कपाळावरचा घाम ओघळून त्याच्या डोळ्यात उतरला, डोळा चुरचुरायला लागला. पण हरेश्वरनं पापणी मिटली नाही. मिटली, आणि तेवढ्यात तिनं हात सोडला, तर ते त्याला कळणार नव्हतं.